शिकवणी ॲपवर, हप्ते घरावर

मागच्या अंकात आम्ही शिकवणीच्या ॲपविषयी, म्हणजे ज्यांना आता सगळे एडटेक म्हणतात त्या कंपन्यांविषयी, प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. त्यांतली बरीचशी अभ्यासाविषयी नव्हती, पैशांविषयी होती. याचं मला वाईट वाटलं, नवल नाही वाटलं. मी ठाण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवलं, नंतर काही वर्षं अंधेरीतल्या एका कंपनीत नववी-दहावीच्या गणिताचे व्हिडिओ लिहिले. समांतर रेषा आणि छेदिका हा धडा चार मिनिटांत नीट पोचवता येतो, आणि तो पाहून मुलाचा चेहरा उजळतो, हे मी पाहिलं आहे. या कामावर माझा जीव आहे, म्हणून उत्तरं स्पष्ट देते.

मुलगी आठवीत असताना दोन वर्षांचा ऑनलाइन कोर्स घेतला. घरी आलेल्या माणसाने टॅब दाखवला, आधार आणि पॅन घेतलं, ओटीपी विचारला. आता वर्ग बंद आहेत, कंपनीचा फोन लागत नाही, पण खात्यातून हप्ता जातोच आहे. बँकेत जाऊन तो थांबवू का?
– एक आई, सांगली

ताई, आजच्या आज थांबवू नका. आधी नेमकं काय झालंय ते समजून घ्या. त्या माणसाने तुमच्याकडून फी घेतली नाही, त्याने तुमच्या नावावर कर्ज काढून दिलं. एका वित्त कंपनीने कोर्सची रक्कम शिकवणीच्या कंपनीला आधीच देऊन टाकली आणि तुम्ही त्या वित्त कंपनीच्या कर्जदार झालात. वर्ग थांबला म्हणून कर्ज आपोआप थांबत नाही. हप्ता परत गेला तर दंड लागतो आणि सिबिलवर डाग बसतो. पुढे घरासाठी किंवा मुलीच्या उच्च शिक्षणासाठी कर्ज मागायला जाल, तेव्हा तो डाग आडवा येतो.

पासबुकात हप्त्यासमोर जे नाव येतं ते शोधा. ती वित्त कंपनी. तिला ईमेल करा आणि रजिस्टर पोस्टानेही पत्र टाका: कर्जाच्या कराराची प्रत द्या, सेवा अमुक तारखेपासून बंद आहे, त्यामुळे पुढची वसुली थांबवा. वर्ग बंद असल्याचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचे संदेश, न उचललेल्या कॉलची नोंद, सगळं जोडा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला फी नाही, वकील लागत नाही. त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही तर सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर अर्जाला शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, तेव्हा 'बघू पुढच्या महिन्यात' करू नका. आयोगापुढे शिकवणीची कंपनी आणि वित्त कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, कारण शिकवणीच्या कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली असेल तर तिच्याविरुद्धचे दावे थांबतात आणि तुम्हाला न्यायाधिकरणाने नेमलेल्या माणसाकडे वेगळा दावा भरावा लागतो.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांसाठी सूचना काढली होती: आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांना संमती देऊ नका, 'मोफत' म्हणजे काय ते तपासा. सूचना चांगली होती. पण घरोघरी फिरणारा माणूस तुमच्या ओसरीवर पोचला आणि ती सूचना पोचली नाही.

बायजूज एवढी मोठी झाली आणि एवढ्या लवकर कोसळली कशी? आमच्या हॉस्टेलवर यावरून रोज वाद होतात. कुणी म्हणतं संस्थापकच लबाड, कुणी म्हणतं गुंतवणूकदारांनी गळा आवळला.
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, जळगाव

लबाडीचा निवाडा न्यायालयं करतील, काही खटले भारतात आणि काही अमेरिकेत चालले आहेत. पण कंपनीच्या ताळेबंदात जे छापून आलं, तेवढंही पुरेसं बोलकं आहे.

सुरुवात खरोखर वर्गातून झाली. बायजू रवींद्रन हे कन्नूर जिल्ह्यातल्या अळीकोडचे. आई-वडील दोघेही शिक्षक. जहाज कंपनीत इंजिनिअर असताना सुट्टीत मित्रांना कॅटची, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी करून दिली, स्वतः परीक्षा दिली तर १०० पर्सेंटाइल आले. मग शनिवार-रविवारचे वर्ग सुरू झाले, खोलीतून सभागृहात आणि सभागृहातून स्टेडियममध्ये गेले. २०११ मध्ये थिंक अँड लर्न ही कंपनी निघाली. सहसंस्थापक दिव्या गोकुलनाथ या त्यांच्याच वर्गातल्या विद्यार्थिनी, पुढे पत्नी. २०१५ मध्ये शाळकरी मुलांसाठी ॲप आलं. ते चांगलं होतं, हे मी गणिताची शिक्षिका म्हणून सांगते. त्यातली भूमितीची चित्रं हलायची, कोन उघडताना दिसायचा. आम्ही फळ्यावर कंपास घेऊन जे दहा मिनिटं धडपडायचो, ते तिथे क्षणात दिसायचं. २०१६ मध्ये फेसबुकच्या झकरबर्ग दांपत्याच्या चॅन झकरबर्ग इनिशिएटिव्हचा पैसा आला, २०१९ मध्ये भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर नाव झळकलं.

मग कोरोना आला. शाळा बंद, मुलं घरात, प्रत्येक आई-बाप हवालदिल. मागणी अशी वाढली की या क्षेत्रातल्या सगळ्यांना वाटलं, आता जग असंच राहणार. ओढ्याला पूर आलेला असताना पाण्याची पातळी मोजून कुणी धरणाचा आराखडा करावा, तसं झालं. बायजूजने ऑगस्ट २०२० मध्ये मुलांना कोडिंग शिकवणारी मुंबईची व्हाइटहॅट ज्युनियर ३० कोटी डॉलरना घेतली. ही कंपनी जेमतेम दोन वर्षांची होती. एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीची १९८८ पासूनची आकाश ही शिकवणी संस्था जवळपास १ अब्ज डॉलरना. त्याच वर्षी ग्रेट लर्निंग ६० कोटी डॉलर, अमेरिकेची एपिक ५० कोटी डॉलर, शिवाय पवईतून उभी राहिलेली टॉपर. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकी बाजारातून १.२ अब्ज डॉलरचं कर्ज उचललं. २०२२ मध्ये कंपनीचं मूल्यांकन २२ अब्ज डॉलरवर गेलं.

आता हिशेबाची गोष्ट, तुमच्या हॉस्टेलच्या वादात हीच निसटत असेल. समजा तीन वर्षांचा कोर्स आज विकला. पैसे हप्त्याने येणार, शिकवायचं तीन वर्षं. हे सगळं उत्पन्न आजच कमावलं असं धरायचं, की जसजसं शिकवू आणि जसजसे पैसे हातात येतील तसतसं? पहिल्या पद्धतीने कंपनी मोठी दिसते. दुसऱ्या पद्धतीने खरी दिसते. लेखापरीक्षणात पद्धत बदलावी लागली, २०२०-२१ चे हिशेब वर्ष संपल्यावर दीड वर्षाने, सप्टेंबर २०२२ मध्ये आले आणि तोटा निघाला ४,५८८ कोटी रुपये. दिवसाला साडेबारा कोटी. पुढच्या वर्षीचे आकडे तर जानेवारी २०२४ मध्ये आले: तोटा ८,२४५ कोटी, आणि त्यातला मोठा वाटा व्हाइटहॅट ज्युनियर आणि ऑस्मो या विकत घेतलेल्या कंपन्यांचा.

मधल्या काळात शाळा उघडल्या होत्या, व्याजदर चढले होते, परदेशी पैसा आटला होता. जून २०२३ मध्ये डेलॉइटने लेखापरीक्षक म्हणून राजीनामा दिला, मोठ्या गुंतवणूकदारांचे तीन प्रतिनिधी संचालक मंडळातून बाहेर पडले. अमेरिकेतल्या कर्जदात्यांनी कर्जातले ५३.३ कोटी डॉलर गेले कुठे, यावरून डेलावेअरच्या न्यायालयात धाव घेतली. आणि जुलै २०२४ मध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत नेलं ते जर्सीच्या थकीत पैशांनी, बीसीसीआयच्या सुमारे १५८ कोटींच्या दाव्याने. त्याच वर्षी प्रोसस या गुंतवणूकदार कंपनीने आपल्या हिश्शाची किंमत शून्य धरली.

माझं मत विचाराल तर कर्ज आणि खरेद्या हा आजाराचा शेवटचा टप्पा. आजार आधीचा. आमच्या क्षेत्रात कोर्स विकत घेतो बाप आणि शिकतं मूल. त्यामुळे मुलाला न शिकवताही बापाला विकता येतं, निदान एकदा तरी. ज्या कंपनीत मी होते तिथे आम्ही पाठलेखक एका मजल्यावर बसायचो आणि विक्रीचा विभाग वरच्या दोन मजल्यांवर. विक्री झाली की वर घंटा वाजायची. एखाद्या मुलाला लसावि-मसावि कळला म्हणून कधी काही वाजलं नाही, कारण ते मोजायची कुणाला गरजच नव्हती. कोर्स घेतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बरीच मुलं ॲप उघडेनाशी होत, ते आम्हाला आकड्यांत दिसायचं. त्यावर बैठक लावा म्हटलं की नव्या जाहिरातीची बैठक आधी लागायची. गुंतवणूकदाराने दर तिमाहीला वाढ मागितली, वाढ विक्रीत दिसते, म्हणून माणसं विक्रीत लागली. शिक्षकाचा वेळ मात्र वाढवता येत नाही. एक शिक्षक संध्याकाळी किती मुलांच्या शंका नीट सोडवेल, याला मर्यादा आहे. ती मर्यादा मान्य करून जी कंपनी वाढते ती हळू वाढते, आणि २०२१ मध्ये हळू वाढणाऱ्याला कुणी दारात उभं करत नव्हतं.

मी लातूरचा. पुण्यात एका एडटेक कंपनीत काउन्सेलर आहे, म्हणजे सेल्समध्ये. दिवसभर कॉल, संध्याकाळी टार्गेटची झाडाझडती. 'तुमचं मूल मागे पडतंय' असं सांगायला शिकवलंय. पगाराची गरज आहे, पण घरी गेल्यावर झोप लागत नाही.
– नाव देऊ नये

तुमची झोप उडते आहे, कारण फोनच्या पलीकडे तुमच्याच गावाकडचे आई-बाप आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. नोकरी उद्या सोडा असं मी सांगणार नाही, घराचं तुम्हाला बघायचं आहे. पण दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. कर्जाला 'हप्त्याची सोय' म्हणू नका, कर्ज म्हणा. आणि पैसे परत मिळण्याच्या अटी विचारल्या गेल्या नाहीत तरी वाचून दाखवा. याने विक्री कमी होईल, बंद होणार नाही.

वरिष्ठ ओरडले तर त्यांना सांगायला तुमच्याकडे आधार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी संस्थांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. खोट्या यशाचे दावे आणि 'आज शेवटचा दिवस, जागा संपल्या' अशी बनावट घाई, दोन्हींना त्यात मनाई आहे. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाने विक्रीच्या याच पद्धतींवरून बायजूजच्या प्रमुखांना बोलावलं होतं, आणि त्यानंतर कंपनीने महिना २५ हजारांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांना कोर्स विकणार नाही असं जाहीर केलं. म्हणजे तुमच्या मनात जे खटकतंय ते कायद्यालाही खटकलं आहे. पालकांशी बोलायची तुमची हातोटी शाळांना, प्रकाशकांना, पुस्तकांच्या वितरकांना हवी असते. तिथे अर्ज टाकायला लागा.

आमच्या जिल्हा परिषद शाळेत स्मार्ट बोर्ड आहे. पहिलं वर्ष बरं गेलं. आता दिवा लागतो, पण बाकी काही चालत नाही. दुरुस्तीला माणूस येत नाही. असं सगळीकडेच होतं का?
– शिक्षक, नंदुरबार जिल्हा

गुरुजी, फार ठिकाणी होतं, आणि ते ॲपच्या लाटेच्याही आधीपासून. एज्युकॉम्प नावाची कंपनी आठवते का? १९९४ मध्ये निघाली, २००६ मध्ये शेअर बाजारात आली आणि काही वर्षं गुंतवणूकदारांची अतिशय लाडकी होती. तिचा स्मार्टक्लास देशभरच्या खासगी शाळांमध्ये बसला. पद्धत अशी की फलक, संगणक, पाठ सगळं कंपनी स्वतःच्या खर्चाने बसवणार आणि शाळा काही वर्षं दर तिमाहीला पैसे देणार. सामान आज विकत घ्यायचं, पैसे सावकाश यायचे, मधली फट कर्जाने भरायची. शाळांचे पैसे थकायला लागले, त्यातच कंपनी जमिनी घेऊन शाळा बांधायला निघाली. २०१७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला. बायजूजच्या दिवाळखोरीच्या सात वर्षं आधी हे सगळं घडून गेलं होतं आणि त्यातून कुणी फारसं शिकलं नाही, याची मला खरोखर चीड येते.

याउलट तुमच्याच पंक्तीतल्या माणसाचं काम बघा. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पालकांच्या फोनवर कविता, व्हिडिओ, स्वाध्याय उघडायचे. ती कल्पना पुढे राज्याच्या पुस्तकांत आली. २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटली. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतं. पुस्तक आधीच मुलाच्या दप्तरात होतं आणि फोन घरात. नवं होतं ते शिक्षकाचं डोकं.

तुमच्या बोर्डापुरतं सांगायचं तर त्याचा प्रोजेक्टर शाबूत असेल तर तो वेगळा करून साध्या लॅपटॉपला जोडून बघा. बहुतेक वेळा बिघाड बोर्डाच्या स्पर्शाच्या भागात किंवा त्याच्या सॉफ्टवेअरच्या परवान्यात असतो. दीक्षा या सरकारी ॲपवरचे पाठ आधी डाउनलोड करून ठेवले तर नेटही लागत नाही.

फिजिक्सवाला वेगळा आहे का? मुलाला नीटसाठी घालायचंय.
– पालक, बीड

सुरुवात निश्चित वेगळी होती. प्रयागराजचे अलख पांडे २०१६ पासून यूट्यूबवर फुकट शिकवत होते. ॲप २०२० मध्ये आलं तेव्हा लाखो मुलं आधीच त्यांना सर म्हणत होती, त्यामुळे विक्रेत्यांची फौज लागली नाही. वर्षाची फी काही हजारांत ठेवली. बाहेरचा पहिला पैसा, १० कोटी डॉलर, जून २०२२ मध्ये घेतला, तोवर कंपनी नफ्यात होती. मग त्यांनीही शहरोशहरी केंद्रं काढली, तोट्याची वर्षं आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. आता दर तिमाहीचा हिशेब त्यांनाही द्यावा लागणार, तेव्हा पुढे काय होतं ते पाहूच.

मुलासाठी म्हणाल तर त्याला महिनाभर त्यांचे फुकटचे व्हिडिओ बघू द्या. स्वतःहून उठून बसतो का, वहीत गणितं सोडवतो का, ते पाहा. सोडवत असेल तर पैसे भरा. नसेल तर बीडमधला शिक्षक बरा, तो निदान विचारेल की काल का आला नाहीस.

अमेरिकेतही हे असंच झालं का? माझा मुलगा कॉलेजात गृहपाठाला चेग ही वेबसाइट वापरायचा, आता थेट चॅटजीपीटीलाच विचारतो. मला काळजी वाटते.
– वाचक, न्यू जर्सी

तिथे वळणं वेगळी होती. २०११ च्या शरद ऋतूत स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स इंटरनेटवर खुला केला आणि १ लाख ६० हजार जणांनी नाव नोंदवलं. लगेच २०१२ मध्ये उडॅसिटी, कोर्सेरा, एडएक्स निघाले. विद्यापीठं आता बंद पडणार, असं गंभीर माणसंही बोलू लागली. २०१३ मध्ये उडॅसिटीने सॅन होजे राज्य विद्यापीठात कच्च्या गणिताच्या मुलांसाठी वर्ग चालवले तेव्हा उत्तीर्णांचं प्रमाण इतकं कमी निघालं की प्रयोग थांबवावा लागला. जी मुलं आधीच शिकण्यात तरबेज होती त्यांना हे कोर्स अमृत ठरले, ज्यांना हात धरून चालवायला हवं होतं ती मागेच राहिली. माझ्या अनुभवात भारतातही हेच खरं आहे.

टिकून राहिलं ते सलमान खान (नट नव्हे, अमेरिकेतले) यांचं काम. २००४ मध्ये दूर राहणाऱ्या नात्यातल्या बहिणीला, नादियाला, गणित समजावताना सुरू झालेली ही खान अकॅडमी. त्यांनी ती नफ्याशिवाय चालवायची ठरवली आणि आजही ती फुकट आहे.

चेगचं म्हणाल तर त्यांचा धंदा तयार उत्तरांचा होता. मे २०२३ मध्ये कंपनीने कबूल केलं की चॅटजीपीटीमुळे नवे ग्राहक घटताहेत, आणि एका दिवसात शेअर जवळपास अर्ध्यावर आला. तुमच्या मुलाने दुकान बदललंय, सवय तीच आहे. त्याला एवढंच सांगा की आधी स्वतः कागदावर सोडव, अडलास तिथे विचार, आणि उत्तर विचारू नकोस, पुढची पायरी विचार. सुट्टीत घरी येईल तेव्हा त्याच्याकडून एखादं गणित तोंडी समजावून घ्या. तुम्हाला कळलं नाही तरी त्याला कळलंय की नाही ते तुम्हाला कळेल.

आम्ही दोघे मित्र पुण्यातली आयटीची नोकरी सोडून कोल्हापूरला परतलो. मराठी माध्यमाच्या पाचवी ते आठवीसाठी गणिताचं ॲप करतोय. एक गुंतवणूकदार म्हणतो, मराठी म्हणजे छोटी बाजारपेठ, हिंदी-इंग्रजीत करा तर पैसे देतो.
– दोन वाचक, कोल्हापूर

तुमच्या पत्राने मला सगळ्यात जास्त आनंद झाला, म्हणून सगळ्यात कडक उत्तर तुम्हालाच.

मराठीतच करा. इंग्रजीत तुमच्यासारखी शंभर ॲपं आहेत, आणि सातवीतल्या शिरोळच्या मुलीला अपूर्णांकांचा भागाकार तिच्या भाषेत समजावणारं चांगलं साधन शोधावं लागतं. पण ते सातवीचं पुस्तक व्हिडिओत ओतून होणार नाही. दिल्लीत २०१५ मध्ये सहावी ते नववीच्या ६१९ मुलांवर माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरचा रीतसर अभ्यास झाला. अहमदाबादच्या एज्युकेशनल इनिशिएटिव्हजचं हे सॉफ्टवेअर. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, नववीत पोचेपर्यंत ती दरी साडेचार इयत्तांची होत होती. सॉफ्टवेअरने प्रत्येक मुलाला तो खरोखर जिथे आहे तिथून धरलं, सोबत छोट्या गटात माणूसही शिकवत होता, आणि साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत ठळक सुधारणा दिसली. तुम्हाला करायचं ते हे. सातवीचं गुणोत्तर-प्रमाण अडतं ते बहुतेक वेळा पाचवीतल्या अपूर्णांकांमुळे, आणि अपूर्णांक अडतात ते भागाकारामुळे. मूल कोणत्या पायरीवर घसरलं ते शोधणारे प्रश्न आधी बनवा. ॲनिमेशन नंतर.

विकायचं कसं, याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे. एमकेसीएलने २००१ पासून एमएस-सीआयटी गावोगाव नेलं. अभ्यासक्रम आणि परीक्षा एका जागी, पण शिकवणारं केंद्र स्थानिक माणसाचं. तो त्या गावातला, त्याला रोज त्याच पालकांना तोंड दाखवायचंय, म्हणून मूल आलं नाही तर तो फोन करतो. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागत होतं हा मोठा टेकू होता, तो तुम्हाला नसेल. पण शिष्यवृत्तीची आणि नवोदयची तयारी करून घेणाऱ्या शिक्षिका तुमच्या प्रत्येक तालुक्यात आहेत. ॲप त्यांच्या हातात द्या, थेट आईच्या फोनवर नको. तो फोन बाबांबरोबर शेतावर किंवा एमआयडीसीत गेलेला असतो. २०२१ च्या असर या शिक्षणविषयक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या दोन तृतीयांश मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, आणि त्यांतल्या चौघांमागे एकाला तो वापरायलाच मिळत नव्हता.

गुंतवणूकदाराला सध्या नाही म्हणा. तो वाईट माणूस आहे म्हणून नव्हे. त्याने ज्यांचे पैसे आणलेत त्यांना ठरावीक वर्षांत अनेक पटींनी परत द्यायचेत, आणि मूल त्या वेगाने शिकत नाही. मुंबईची लिडो लर्निंग २०१९ ला निघाली, नामांकित गुंतवणूकदार होते, फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद पडली. बंद करायची वेळ आलीच तर ब्लूलर्न या स्टार्टअपचं उदाहरण समोर ठेवा: २०२४ मध्ये त्यांनी पैसा शिल्लक असतानाच थांबायचं ठरवलं आणि गुंतवणुकीतली ७० टक्के रक्कम परत केली. तुम्ही महिन्याची फी महिन्याला घ्या. वर्षाची आगाऊ नको, कर्जावर तर मुळीच नको. पुढच्या महिन्यात मूल परत आलं नाही तर तुम्हाला लगेच कळेल की काहीतरी चुकतंय, आणि ते कळायलाच हवं.

जूनपासून करवीर आणि शिरोळ या दोन तालुक्यांतल्या शिक्षिकांबरोबर सुरू करा, वर्षभर तिसरा तालुका घेऊ नका. भागाकार आणि अपूर्णांकांचा तुमचा पहिला प्रश्नसंच मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मी तपासून, शेरे लिहून परत देईन.